मोडीच्या वरचे पैसे

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर पोचलं, तर पितळेची भांडी अजून पोत्यांतून बाहेर निघत असतात. मंगळवार पेठेच्या बाजूला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एखादी समई उचलली की विकणारा म्हणतो, "ताई, आधी वजन बघा." आणि मी विचारते, "मामा, आज मोडीला काय भाव चाललाय?" घर सजवायच्या जुन्या आणि हाताने केलेल्या वस्तूंचा छोटा धंदा कोणी सुरू करायचा म्हटलं, तर मी सगळ्यात आधी ही दोन वाक्यं शिकवते.

मोड म्हणजे वितळवायला म्हणून विकलेला धातू. पितळ, तांबं, कासं यांचं कुठलंही भांडं, धड असो की फुटकं, मोडीत किलोवर जातं. तो भाव रोज थोडाफार हलतो, पण असतोच. जुन्या भांड्याच्या किमतीचं हे जोतं. त्याच्या वर तुम्ही जे मोजता ते घाटाचे, वयाचे आणि कारागिरीचे पैसे. समजा, मोड पाचशे रुपये किलो आहे आणि समई भरली दोन किलो चारशे ग्रॅम. म्हणजे १,२०० रुपये नुसत्या धातूचे. बोली २,२०० पासून सुरू झाली आणि घासाघीस होऊन १,७५० ला सौदा ठरला, तर तुम्ही धोका पत्करला तो साडेपाचशेचा. समई वर्षभर पडून राहिली तरी धातूचे पैसे बव्हंशी परत येतात. लाकडाला आणि कापडाला अशी मोड नसते. किडका पाट सरपणात जातो आणि विरलेली साडी पायपुसण्यात. म्हणून नवख्या माणसाने पितळेपासून सुरुवात करावी, लाकडी कपाटं आणि झोपाळे पहिली दोन वर्षं लांब ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माल येतो कुठून? स्टील घरोघर आलं तसं पितळ माळ्यावर गेलं. दारावर येणारे कल्हईवाले कमी झाले. वाडे पाडून फ्लॅट झाले तेव्हा घंगाळ, बंब, हंडे यांना जागाच उरली नाही. घरातली माणसं ही भांडी मोडीत देतात, मोडवाला त्यातलं बरं निवडून बाजारवाल्याला देतो, बाजारवाला तुम्हाला. या साखळीत जितकं अलीकडे पोचाल तितकं बरं. माझी निम्मी चांगली खरेदी बाजारातली नाही, आमच्या भागातल्या दोन मोडवाल्यांकडची आहे. मी त्यांना मोडीपेक्षा थोडे जास्त देते आणि ते माल पुढे पाठवण्याआधी मला फोन करतात. हे नातं जमायला वर्ष गेलं. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी काही ना काही घेऊनच उठत होते, अगदी एक पळी का होईना, म्हणजे माझी ओळख राहील. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजारही जरूर बघावा, पण तिथल्या दुकानदारांना आपल्या मालाची किंमत पक्की ठाऊक असते. तिथे खरेदीपेक्षा शिकणं जास्त होतं.

शिकण्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर हिंडून घरगुती वापराच्या वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. तिथे अडकित्त्यांचं कपाट आणि दिव्यांचं दालन यांच्यासमोर एकेक तास उभं राहावं. अडकित्त्याची मूठ कुठे झिजते, दिव्याच्या साखळीची कडी हाताने वळवलेली कशी दिसते, हे एकदा डोळ्यांत बसलं की बाजारात फसण्याचं प्रमाण झपाट्याने कमी होतं.

पिशवीत तीन वस्तू न्याव्यात : लोहचुंबक, हातात धरायचा वजनकाटा आणि वही. पितळ, तांबं आणि कासं चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून नुसता मुलामा. मात्र चुंबक चिकटला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. समईची बैठक पोकळ असते. तिच्यात राळ किंवा सिमेंट भरून वजन वाढवलेलं मी पाहिलं आहे. म्हणून समई उलटी करून बैठकीवर टिचकी मारावी. बद्द आवाज आला तर खाली ठेवून द्यावी. मग सगळे आटे सोडवून बघावेत. जुन्या समईचे आटे गुळगुळीत झालेले असतात. मूळची पेरं, म्हणजे समईचे एकावर एक बसणारे भाग, फिरवली की नीट बसतात, दुसऱ्या समईचं पेर लावलं असेल तर ते वाकडं बसतं. तीन समयांची पेरं जोडून केलेली एक समई बाजारात सर्रास मिळते. घ्यायला हरकत नाही, पण जोडलेली आहे हे ओळखून, त्या भावाने घ्यावी, आणि विकताना तसं सांगून विकावी.

झीज कुठे आहे, हा वयाचा सगळ्यात खरा पुरावा असतो. घागरीचा तळ, तांब्याचा काठ, परातीच्या कडेचा जिथे अंगठा बसतो तो भाग, पानाच्या डब्याच्या बिजागरीखालची जागा. नव्या भांड्याला रसायन लावून काळपट केलं तर काळेपणा सगळीकडे सारखा येतो, हात लागतो तिथेही आणि लागत नाही तिथेही. खऱ्या जुन्या भांड्यावर हात लागणाऱ्या जागा उजळ असतात आणि नक्षीच्या खाचा काळ्या.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. फोटो काढायचा, वजन करायचं, वहीत क्रमांक टाकून लिहायचं : कुठून, कोणाकडून, कितीला, मोडीचा त्या दिवशीचा भाव काय, पोचा किंवा चीर कुठे आहे, झाळलं आहे का. त्यानंतर स्वच्छता. समईवर वर्षानुवर्षांचं तेल, काजळी आणि कुंकू यांचा चिकट थर असतो. तो कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवला की मऊ पडतो आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने निघतो. चिंच सगळ्यात शेवटी लावावी, तीही दहा मिनिटं, आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन, पुसून, अर्धा तास उन्हात. पाणी आत राहिलं तर आठवड्यात हिरवा कळंक येतो.

ही दहा मिनिटं मी फार महाग शिकले. एका ग्राहकबाईंनी फोटो बघून एक लामणदिवा सांगून ठेवला होता, मधाच्या रंगाचा, नक्षीत काळोख साठलेला. प्रदर्शनाच्या गडबडीत मी तो चिंचेच्या पाण्यात टाकला आणि सकाळपर्यंत विसरले. आंबट पाण्यात पितळ फार वेळ राहिलं की त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याचा गुलाबी डाग उरतो. दिवा अंगभर असा गुलाबी झाला होता. घासून पिवळा केला तर तो कालच दुकानातून आणल्यासारखा दिसू लागला. त्या बाईंनी आल्यावर हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत ठेवला. "मला आधीचा हवा होता," एवढंच म्हणाल्या. मी जे विकत होते ते घरातल्या लोकांच्या हातांनी चढवलेला रंग होता आणि तो मी एका रात्रीत धुऊन टाकला होता. तेव्हापासून चिंच लावताना मी मोबाईलवर गजर लावते आणि बफिंगच्या यंत्राला कधीही हात लावत नाही. त्याने चकाकी येते, पण नक्षीच्या कडा गोल होतात.

एक गोष्ट ग्राहकाला न चुकता सांगावी. जुनं भांडं सजावटीसाठी आहे. कुठे कसल्या झाळीने जोडलंय, त्यात शिसं आहे का, हे नजरेने कळत नाही. कोणाला त्यात शिजवायचंच असेल तर भांडं चांगल्या जाणकाराला दाखवून, कल्हई करून घ्यावी लागते.

लाकडाकडे वळायचं तर पाट, चौरंग, देव्हारे, मसाल्याचे डबे अशा लहान वस्तूंनीच वळावं. आणलेलं लाकूड घरातल्या लाकडात मिसळू नये. मी ते गॅलरीत काळ्या कागदावर महिनाभर ठेवते. कीड जिवंत असेल तर कागदावर पिठासारखी बारीक भुकटी पडते. भुकटी झटकायची, तारीख लिहायची, पुन्हा बघायचं. महिन्यात नवी भुकटी पडली नाही तर ती भोकं जुनी. पॉलिश पेपर नेहमी रेषेच्या दिशेने मारावा आणि वर लाख-स्पिरिटचं पातळ पॉलिश द्यावं. जवसाचं तेल वापरलं तर तेलाचे फडके कधीही चुरगाळून बादलीत टाकू नयेत. वाळताना ते आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावेत आणि मगच टाकावेत. घरातून धंदा करणाऱ्याने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. तसंच, जुन्या कंदिलाचा किंवा घागरीचा विजेचा दिवा करणार असाल तर वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. धातूच्या अंगाला अर्थिंग आणि तीन पिनांचा प्लग हवाच.

आता हाताने केलेल्या वस्तू. आमच्या धंद्याचा हा भाग माझ्या जाऊबाई सांभाळतात. जुन्या नऊवारी साड्यांच्या उशांची कव्हरं ही त्यांची मुख्य वस्तू. बोहारणींकडून आणि ओळखीच्या घरांतून साड्या येतात. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. सोळा इंची उशीला पुढचा भाग आणि मागच्या दोन पाकळ्या मिळून साधारण मीटरभर लांब पट्टी लागते आणि साडीच्या पन्ह्यात अशा दोन पट्ट्या बसतात. कागदावर हिशेब सोळाएक कव्हरांचा येतो. प्रत्यक्षात साडी बसण्याच्या जागी विरलेली असते, रेशीम घडीवर तुटलेलं असतं आणि हाती सातच लागतात. जाऊबाई साडी खिडकीच्या काचेवर उजेडात धरून एकेक वीत बघतात आणि विरलेल्या भागाभोवती साबणाच्या तुकड्याने गोल करतात. प्रत्येक तुकड्यामागे सुती अस्तर लावल्याशिवाय त्या शिवायला घेत नाहीत, नाहीतर पहिल्या धुण्यातच शिवण निसटते. जुनी खरी जरीची पैठणी आली तर मात्र आम्ही तिला कात्री लावत नाही. जरीत चांदी असते, म्हणून जरीचे खरेदीदार अशी साडी वितळवायला नेतात. धड असेल तर ती नेसायची साडी म्हणूनच विकावी किंवा पदर चौकटीत बसवावा.

किंमत ठरवताना बहुतेक बायका इथेच चुकतात, म्हणून आकडे मांडते. साडी ४२० रुपयांची धरली तर सात कव्हरांत प्रत्येकी ६०. धुणं-इस्त्री १५, अस्तर ४५, शिलाई १३०, खोका आणि कागद ३५. झाले २८५. पण कापड बघणं, कापणं, जुळवणं यात जाऊबाईंचा पाऊण तास जातो. आम्ही आमच्या तासाला १२० रुपये धरतो. म्हणजे ९० आणखी. एकूण ३७५. पहिल्या वर्षी आम्ही हे कव्हर ३५० ला विकत होतो आणि खपतंय म्हणून खूश होतो. प्रत्येक कव्हरामागे पंचवीस रुपये आम्ही पदरचे घालत होतो, कारण स्वतःच्या वेळेला आम्ही काही धरलंच नव्हतं. आज ते ६०० ला जातं. कमी खपतं आणि तरीही घरात पैसे राहतात.

गोधडीचा हिशेब याहून कठीण आहे. एका पलंगाची धावदोऱ्याची गोधडी शिवायला आमच्याकडे बावन्न तास लागले. जाऊबाईंनी रोज वहीत लिहून ठेवले होते. तासाला १२० ने नुसती मजुरी ६,२४० झाली. एवढे देणारं गिऱ्हाईक असतं, पण फार थोडं. म्हणून आम्ही मोठ्या गोधड्या फक्त सांगून आलेल्या करतो आणि एरवी बाळाची दुपटी शिवतो. कामाचा दर कमी करून गोधडी स्वस्त विकणं मला पटत नाही. ते पैसे शेवटी शिवणाऱ्या बाईच्या बोटांतून जातात.

नवी घडीव वस्तू ठेवायची असेल तर ती कारागिराकडूनच घ्यावी. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे तांब्यावर ठोक्यांची ओळ बसवण्याचं मठारकाम आजही चालतं. त्या ठोक्यांना किंचित असमानता असते. यंत्राने उठवलेले ठोके ओळीत इतके एकसारखे असतात की नजर त्यांवर थांबत नाही. छापील वारली चित्राच्या पाट्या "हाताने काढलेल्या" म्हणून विकू नयेत; छापील असेल तर छापील म्हणावं.

कायद्याच्या दोन बाबी नीट माहीत हव्यात. पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कारागिरीची वस्तू ही पुरातन वस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या देशाबाहेर पाठवताही येत नाहीत. म्हणजे विक्री वाढावी म्हणून "दीडशे वर्षांपूर्वीची समई" असं लिहिणारा एकतर खोटं बोलतो किंवा स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवतो. आमचा माल बहुतेक विसाव्या शतकाच्या मधला, आणि आम्ही तो तसाच सांगतो. अमेरिकेत राहणारी भाची समई न्यायला मागते तेव्हा जुनी दिसणारी वस्तू विमानतळावर अडू शकते, म्हणून ती पुरातन नसल्याचा पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी काढून ठेवावा. दुसरी बाब वन्यजीव संरक्षण कायद्याची. हस्तिदंती मुठीचे अडकित्ते, कुंकवाच्या डब्या, कोकणातल्या घरांतली सांबरशिंगं, हे कितीही जुनं आणि कितीही सुंदर असलं तरी विकत घेऊ नये, विकू नये. देवळातली घंटा, प्रभावळ, मूर्ती कोणी आणून दिली तर हात न लावता परत पाठवावी. बाकी प्रत्येक खरेदीची पावती ठेवावी, निदान विकणाऱ्याचं नाव, फोन आणि सही.

नोंदणीचं काम फारसं अवघड नाही. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. कामगार थोडेच असतील तर दुकाने कायद्याखाली महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर नियम बदलतात, ते आपल्या करसल्लागाराला विचारून घ्यावेत.

विक्री फोटोवर होते. सकाळी नऊच्या आत, खिडकीशी, फिक्या रंगाच्या चादरीवर. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक तळाचा, एक हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो, आणि एक दोषाचा. पोचा लपवला तर वस्तू परत येते आणि जाण्यायेण्याचं भाडं आपल्या अंगावर पडतं. कुरिअरवाले वजनासोबत जागाही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५,००० ने भागतात. बांबूची एक दिव्याची टोपी नऊशे ग्रॅमची, पण ती ४० बाय ४० बाय ४० च्या खोक्यात गेली की १२.८ किलोंचं भाडं लागतं. समई पेरं सोडवून ४५ बाय २० बाय २० मध्ये बसते आणि ३.६ किलोंत जाते. काय विकायला घ्यायचं हे ठरवताना मी आता वस्तूआधी खोका डोळ्यांसमोर आणते. बरणी पाठवायची तर आत आणि बाहेर दोन्हीकडे भरण लागतं, आणि बंद केलेला खोका कमरेच्या उंचीवरून स्वतः एकदा खाली टाकून बघावा लागतो. छातीत धस्स होतं, पण घरी फुटलेली परवडते.

सुरुवातीला 'समजा' म्हणून सांगितलेल्या समईकडे परत येते; ती खरंच मी घेतली होती. खरेदी १,७५०. रिक्षा ६०, सोडा-चिंच ३०, माझे अडीच तास ३००, खोका ९०, प्रदर्शनातल्या जागेच्या भाड्याचा वाटा १५०. झाले २,३८०. विकली ३,२०० ला. उरले ८२०. पण ती श्रावणात घेतली होती आणि दिवाळीच्या आठवड्यात गेली. तोवर पैसे अडकलेले होते. गणपती ते दिवाळी हेच आमचे भराचे दिवस. तेव्हा विकायचा माल चैत्र-वैशाखात, लोक घरं बदलतात तेव्हा, घेऊन ठेवावा.

आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. छिन्नीने ठिपका ठिपका ठोकून कोणाकडून कोणाला, आणि कित्येकदा सालही. वस्तूचं वय सांगणारा इतका चांगला कागद दुसरा नाही. गेल्या महिन्यात मोडवाल्याने एक घागर काढून ठेवली होती. काठाखालचं आडनाव घासून गेलेलं, पण "रुखवत" आणि "१९५४" वाचता येत होतं. एका गिऱ्हाइकाने ती पसंत केली आणि ते म्हणाले, "तेवढं नाव घासून द्या, आमच्या घरात दुसऱ्याचं नाव कशाला?" मी नाही म्हटलं. ते गेले. घागर अजून आमच्या दारातल्या फळीवर आहे, तिच्यात जाऊबाई रोज सकाळी ताजी पानं लावतात. वहीत ती अशी लिहिली आहे : क्रमांक २१२. घागर, तांबं, घडीव. वजन तीन किलो दीडशे. डाव्या कुशीला एक पोचा. काठाखाली अक्षरं, साल १९५४. चिंच लावलेली नाही.